हिरव्या ठिपक्यापायी एकोणीस दिवस

उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या एका लहानशा ऑलिव्ह तेलाच्या कंपनीत मी चार वर्षं कामाला आहे. अरब शेतकऱ्यांकडून रास्त भावात तेल घ्यायचं, अरब आणि ज्यू बायकांनी एका टेबलाशी बसून बाटल्या भरायच्या, असा इथला खाक्या. मी मूळची रेवदंड्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. आजोबा म्हणायचे, आपण शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद. त्यामुळे मुंबईला पहिला माल पाठवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

हैफा बंदरातून माल निघेपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. अडकलो ते न्हावा शेव्याला.

८४० बाटल्या होत्या. एक्स्ट्रा व्हर्जिनला आम्लता ०.८ टक्क्याच्या आत लागते, आमची त्याच्या निम्मीच. तरी नमुने पास होतात की नाही याची आम्हाला धास्ती. पण नमुना घेण्याची वेळच आली नाही. आधी लेबल तपासतात. आमच्या लेबलावर हिब्रू होतं, अरबी होतं, इंग्रजी होतं, कोशरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसत असल्याचा शिक्काही होता. शाकाहारी ठिपका नव्हता! आयातदाराचा पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबरही नव्हता.

"अहो, ऑलिव्हचं तेल आहे, त्यात मांस कुठून येणार?" मी तिथल्या कस्टम एजंटला फोनवर म्हटलं.

"मला कळतंय हो ताई, पण बाटलीवर दिसायला पाहिजे."

या तीन गोष्टी बाँडेड, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामातच स्टिकर लावून दुरुस्त करता येतात. स्टिकर मात्र सहज निघून येणारा नको, आणि आधी परवानगी हवी. (बेस्ट बिफोरची तारीख राहिली असती तर स्टिकरनं भागलं नसतं, तेव्हा ती आधी बघा.) स्टिकर दीड दिवसात लागले. मग पुन्हा तपासणी. आज येतील, उद्या येतील, साहेब रजेवर, साहेब आले पण फाइल दुसरीकडे. गोदामाचं भाडं मात्र रोज चालूच. त्यात आम्ही शुक्रवार-शनिवार बंद, तिकडे शनिवार-रविवार. म्हणजे बोलायला सोमवार ते गुरुवार, तेही दुपारी दोनच्या आत, कारण हिवाळ्यात भारत आमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तुम्ही पाठवणार असाल तर सकाळी आल्याआल्या फोन लावा, कॉफी नंतर.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर, म्हणजे हमासचा हल्ला आणि गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर, आमच्या टेबलाशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलणं होतं. या ठिपक्यावर मात्र सगळ्या एकदम उखडल्या, अरबीतूनही आणि हिब्रूतूनही. बाटल्यांना बुचं लावणाऱ्या हाज्जा (हज करून आलेल्या बाईंना असंच म्हणतात) रोज पहिला प्रश्न तोच विचारायच्या, "तुझ्या लोकांना तेल पटलं का?" माझे लोक! मी आपली मान खाली घालून खोकी मोजत बसायची.

एकोणिसाव्या दिवशी माल सुटला. नमुन्यांची काहीच अडचण आली नाही, सरळ पास. मी हाज्जांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग इतके दिवस काय बघत होते?"

पुढच्या खेपेला लेबलं इथेच छापून घेतली. आणि हो, ठिपक्याभोवती हिरवा चौकोनही लागतो. आम्ही पहिल्या छपाईत नुसताच गोल छापला होता.