त्या एका रिपोर्टसाठी थांबा

आईला दोन महिने खोकला होता. कोरडा, रात्री जास्त. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले आणि मग एक्सरेत उजवीकडे डाग दिसला. आईने आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही, त्यामुळे कॅन्सर कुणाच्या मनातच आला नाही. सिगारेट हे सगळ्यात मोठं कारण आहेच, पण कधीच न ओढणाऱ्यांनाही हा होतो, आणि फुप्फुसाला आतून दुखणं कळत नाही, दुखतं ते बाहेरचं आवरण, म्हणून गाठ चांगली वाढेपर्यंत पत्ताच लागत नाही.

सीटी, पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय, मग सुईने बायोप्सी. तो तुकडा मी बघितला, फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत, शिवणाच्या दोऱ्याची दोन तुटकी टोकं टाकावीत तसा. पुढचं सगळं एवढ्याशावर ठरणार होतं.

पहिला रिपोर्ट आला, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, स्टेज चार, म्हणजे पसरलेला. हा नॉन-स्मॉल सेल नावाच्या मोठ्या गटातला, फुप्फुसाच्या कॅन्सरचे साधारण 85 टक्के पेशंट याच गटातले. (स्मॉल सेल वेगळा, तो झपाट्याने पसरतो, तिथे केमो लांबवत नाहीत.) घरात सगळ्यांचं एकच, उद्याच केमो चालू करा! डॉक्टर म्हणाले, म्युटेशनचा, म्हणजे गाठीच्या जनुकांतल्या बदलांचा, रिपोर्ट येऊ दे. मला तेव्हा राग आला होता खरंच, आई खोकून खोकून बेजार आणि हे थांबा म्हणतायत.

आता कळतं. ईजीएफआर, एएलके, आरओएस1 अशा एखाद्या जनुकात बदल सापडला तर त्यावर नेमकी चालणारी गोळी असते, आणि घाईत आधी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) दिली आणि नंतर ईजीएफआरची गोळी ऑसिमर्टिनिब चालू केली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. पेशंटला फारच धाप लागत असेल तर डॉक्टर मधल्या काळात नुसती केमो देतात, आणि तुकडा अपुरा पडला तर रक्तातूनही टेस्ट होते, हे विचारून घ्या, प्लीज. गाठ लवकर सापडली तर गोष्टच वेगळी, तेव्हा ऑपरेशन करून काढूनच टाकतात.

चौदाव्या दिवशी रिपोर्ट आला, ईजीएफआर पॉझिटिव्ह. रोज एक गोळी. तोंडावर पुरळ आलं, नखांच्या कडा चिरल्या, पण तीन आठवड्यांत आई रात्रभर झोपायला लागली. ही गोळी कायमची पुरत नाही, काही काळाने कॅन्सर तिला चकवतो, ते आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलंय. पुढचा स्कॅन पंधरा दिवसांनी आहे.