दारुहळद, बर्बेरिन आणि स्वादुपिंड

सांगलीच्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा दारुहळदीचा तुकडा मोडून पाहिला, तर आत गर्द पिवळा रंग दिसतो, तो बर्बेरिनचा. चिनी वैद्यकातील हुआंगलिअन या मुळीतही हेच कडू द्रव्य असते, आणि त्याने स्वादुपिंड सुधारते असे हल्ली मधुमेहींना सर्रास सांगितले जाते.

शांघायच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेल्या ३६ जणांपैकी काहींना बर्बेरिन, तर इतरांना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे नेहमीचे औषध, ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असे तीन महिने देण्यात आले. बर्बेरिन घेणाऱ्यांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी पातळी, सुमारे ९.५ वरून ७.५ टक्क्यांवर आली, म्हणजे परिणाम जवळपास मेटफॉर्मिनइतकाच झाला. हे दुर्लक्ष करण्याजोगे मुळीच नाही. परंतु रुग्ण थोडे होते, आणि साखर उतरली एवढ्यावरून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी सावरल्या असे सिद्ध होत नाही. बर्बेरिनमुळे शरीर इन्सुलिनला अधिक चांगली दाद देते, हेही त्यामागचे कारण असू शकते.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माझ्या मावशीला म्हणूनच मी कळकळीने सांगितले, की डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे घेऊ नकोस, कारण दोन्हींच्या एकत्रित परिणामाने साखर अति उतरू शकते. गरोदर स्त्रियांनी तर ते टाळावेच.