तिसऱ्या जॉइंटची लाल पट्टी

पॅकिंगच्या फिल्मचा रोल कितीही मोठा गुंडाळा, कधी तरी संपतोच, आणि मशीन थांबवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून जॉइंट, म्हणजे एका फिल्मच्या टोकाला दुसरीचं टोक जोडणं. चाकणच्या एका पॅकेजिंग कारखान्यात मी रिवाइंडिंगचा, म्हणजे तयार फिल्म पुन्हा गुंडाळायच्या खात्याचा, सुपरवायझर आहे. आमच्या मालात बाहेर १२ मायक्रॉनचं छापील पॉलिएस्टर, मध्ये ९ मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉईल आणि आत ५० मायक्रॉनचं पॉलिथिन असतं. तिन्ही थर ग्लूने चिकटवलेले. सगळं मिळून जाडी माणसाच्या केसाएवढी.

लॅमिनेशन मशीनवरचा, म्हणजे हे थर चिकटवतानाचा, जॉइंट मशीन स्वतः मारते. मिनिटाला २०० मीटरचा वेग असतो, म्हणजे सेकंदाला तीन मीटरहून जास्त फिल्म डोळ्यासमोरून जाते. नव्या रोलच्या तोंडाला डबल साइडेड टेप लावून ठेवलेली असते. तो रोल फिरत फिरत चालू फिल्मच्या वेगाला येतो, रबरी रोलर चालू फिल्म त्याच्यावर दाबतो आणि मागून सुरी जुनी फिल्म कापते. बघायला येणारे पाहुणे इथेच फोटो काढतात. पण हा जॉइंट ग्राहकाकडे पाठवायच्या लायकीचा नसतो. एकावर एक चढलेला, मागे शेपूट लोंबणारा. शिवाय रिवाइंड करताना रोलचं डोकं शेपटाकडे जातं, म्हणजे लॅमिनेशनला जी कड फिल्मच्या चालीबरोबर होती, ती आता उलटी फिरून समोरून अडकायला तयार. म्हणून रिवाइंडरवर तो भाग कापून टाकायचा आणि हाताने नवा जॉइंट करायचा.

हाताचा जॉइंट हे आमच्या खात्याचं खरं काम. दोन्ही टोकं टेबलावर एकावर एक घ्यायची, आय-मार्कवर (पाकीट कुठे कापायचं हे सेन्सरला सांगणाऱ्या छापील खुणेवर) आय-मार्क आणि छपाईवर छपाई तंतोतंत बसवायची. मार्क एखाद-दुसरा मिलिमीटर जरी सरकला तरी पुढे ग्राहकाच्या सेन्सरचं गणित बिघडतं. मग एकाच कापात दोन्ही टोकं कापायची, म्हणजे कडा एकमेकींना भिडतात, फट राहत नाही आणि चढही येत नाही. वरून टेप, उलटून खालून टेप. अंगठ्याने मधून बाहेर दाबत हवा काढायची. टेपची बाहेर आलेली टोकं कडेलगत कापायची, नाहीतर शेजारच्या घडीला चिकटतात. शेवटी दोन्ही कडांना लाल पट्टी, म्हणजे फ्लॅग, बाहेर दिसेल अशी. आमच्याकडे हे काम डोळे मिटून करतील अशी पोरं आहेत. त्यांचा पगार कागदावर 'हेल्पर'चा आहे आणि त्याचा मला राग आहे.

पावसाळ्यात रांजणगावच्या एका मसाला पॅकरकडून सकाळीच फोन आला. जॉइंट सुटतोय, मशीन थांबतंय, माणूस पाठवा. सेल्सवाल्याने परस्पर "आज येतोच" सांगून टाकलं आणि पाठवलं मला. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत निम्मा वेळ गेला.

तिथलं मशीन उभ्या पद्धतीचं. फिल्म वरून येते, कॉलरवरून (फिल्म वळवणाऱ्या पत्र्यावरून) वळून नळीभोवती गुंडाळली जाते, मागचं उभं सील होतं, खाली आडवे जॉ, म्हणजे गरम जबडे, दाबून पाकीट बंद करतात. त्यांनी तुटलेला तुकडा जपून ठेवला होता, त्याबद्दल त्यांचं कौतुक. बहुतेक जण कचऱ्यात टाकून नुसती तक्रार पाठवतात. बाहेरची, पॉलिएस्टरवरची टेप जशीच्या तशी होती. आतली, पॉलिथिनवरची, एका बाजूने पूर्ण उचलली गेली होती. ती सुटी कड नळीवर घासत जाऊन अडकली आणि ओढीने फिल्म फाटली.

मी पॉलिथिनवर नख ओढलं. नखाखाली पांढरट, मेणासारखी भुकटी आली. ते स्लिप होतं. फिल्म कॉलरवरून घसरावी म्हणून पॉलिथिनमध्ये एरुकामाइड घालतात. ते प्लास्टिकच्या दाण्यात मिसळलेलं असतं आणि हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. प्रमाण जास्त झालं की असा थर धरतो. पॉलिथिन आधीच टेपला नाखूश, त्यात वर हे. शिवाय आम्हाला मिळणारी टेप ॲक्रिलिक गोंदाची. ती पॉलिएस्टरला घट्ट धरते, पॉलिथिनला नाही. रबरी गोंदाची टेप पॉलिथिनला जास्त चांगली धरते, पण आम्हाला महाग पडते. खरेदी खात्याने 'एकच टेप दोन्ही बाजूंना' असा नियम करून पैसे वाचवले होते. दोन बाजूंना दोन वेगळे पदार्थ आहेत, हे सांगायला मी त्यांच्या टेबलापाशी अनेकदा उभा राहिलो आहे.

इथवर प्रकरण सरळ होतं. मग तिथल्या ऑपरेटरने मला बाजूला घेतलं. पन्नाशीचे गृहस्थ, हाताला हळदीचा पिवळा रंग कायमचा बसलेला.

"साहेब, जॉइंट असू दे हो. आमचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पट्टी दिसायला पाहिजे. पट्टी दिसली की मी मशीन हळू करतो आणि जॉइंटची पाकिटं काढून टाकतो. हा आला कधी तेच कळलं नाही."

त्यांचं अगदी बरोबर होतं. आतली टेप सीलच्या जागी आली तर तिथे पॉलिथिनला पॉलिथिन चिकटत नाही. जॉइंट तुटला तर मशीन थांबतं, नुकसान डोळ्यासमोर होतं. जॉइंट न तुटता निसटला तर कच्च्या सीलचं पाकीट खोक्यात जातं, खोका दुकानात, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ओलसर मसाला निघतो. त्यांना त्या पाळीचे सगळे खोके उघडून तपासायला लागले.

तो तुकडा मी उजेडात धरला. दोन टेपच्या मध्ये, अगदी कडेला, लाल रंगाची बारीक रेघ होती. म्हणजे पट्टी लावलेली होती. नंतर कुणी तरी ब्लेडने कडेलगत साफ कापली होती. त्या रोलवर आणखी दोन जॉइंट होते, दोन्हींच्या पट्ट्या जागेवर. कापलेली पट्टी तिसऱ्याची.

आमच्याकडे रोलमागे दोनच जॉइंट चालतात. तिसरी पट्टी दिसली की क्यूसी, म्हणजे माल तपासणारं खातं, रोल अडवतं आणि त्या पाळीचा इन्सेंटिव्ह कापला जातो. जॉइंट होतात ते आधीच्या खात्यांकडून आलेल्या मालामुळे: फॉईल तुटते, ग्लूचा डाग पडतो, छपाई सरकते. खराब भाग कापून काढणारा पोरगा ग्राहकाला वाचवत असतो आणि पैसे त्याचेच कापले जातात. तो जॉइंट मात्र मी बघितलाय. मार्क जुळलेला, कडा भिडलेल्या, हवेचा एक बुडबुडा नाही. इतकं चांगलं काम करणाऱ्या हाताने पट्टी का कापली असेल, याचाच मी अजून विचार करतोय.

टेपचं काम झालं. पॉलिथिनच्या बाजूला आता रबरी टेप येते. टेप लावण्याआधी तेवढी जागा आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसून कोरडी करायची, आणि प्रत्येक नव्या लॉटवर टेपचा तुकडा लावून, ओढून बघायचा. फिल्मवाल्याला स्लिपचं प्रमाण कमी करायला सांगितलंय. वरच्या मीटिंगमध्ये मात्र ठरलं की यापुढे रोलमागे एकच जॉइंट. मी तिथेच उभा राहून बोललो की यामुळे जॉइंट कमी होणार नाहीत, पट्ट्या कमी होतील. जॉइंट मोजायचे तर लॅमिनेशन आणि छपाईच्या खात्यावर मोजा, रिवाइंडिंगच्या पोरावर नको. "पुढच्या महिन्यात बघू" असं उत्तर मिळालं.

पट्टी कापली त्या पाळीत कोण होतं ते रजिस्टरवरून कुणालाही काढता येईल. माझ्या अहवालात टेप आहे, स्लिप आहे, कापलेली पट्टी आहे आणि ती का कापली जाते याचा एक पूर्ण परिच्छेद आहे. नाव लिहिलेलं नाही. क्यूसीच्या साहेबांनी दोनदा विचारलं. मी त्यांना आधी इन्सेंटिव्हचा कागद बदलून आणायला सांगितलंय.