आमची वाटचाल : चार भट्ट्या आणि एक पाटी

आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर मागच्या बाजूला चार ओळी छापलेल्या असतात, 'पन्नास वर्षांची परंपरा' वगैरे. त्या सूनबाईंनी लिहिल्या. वाचून लोक विचारतात, पन्नास वर्षं मसालाच करताय का? मसाला अलीकडचा. त्याआधी सांगली-मिरजेत आमची चार हॉटेलं होती आणि चारही रात्रभर चालायची. मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस मला न ओळखता सांगत होता, "स्टँडवरचं ते रात्रीचं हॉटेल. म्हाताऱ्यानं उभं केलं, पोरानं बुडवलं." तो पोरगा म्हणजे मी. जिलबी तिथंच ठेवून उठलो. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

दादा, म्हणजे माझे वडील, १९७२ च्या दुष्काळात आटपाडीकडून मिरजेला आले. गावात दुष्काळात मिळणाऱ्या सुकडीवर आणि मिलो ज्वारीवर दिवस चालले होते. मिरज स्टेशनाबाहेर त्यांनी चहाचा गाडा लावला, तोही रात्री, कारण दिवसाची जागा आधीच दुसऱ्यांनी धरलेली. पण मिरजेची रात्र म्हणजे काय चीज होती हे आत्ताच्या पोरांना कळायचं नाही. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडं ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडं मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडं नॅरोगेज. मुंबईहून बेळगावला निघालेला माणूस मिरजेत उतरून गाडी बदलणार, पंढरपूरचा वारकरीही तेच करणार. मधले तास फलाटावर वळकटीला टेकून काढायचे. त्या तासांवर आमचं घर उभं राहिलं. दादा चौथी शिकलेले, पण तिन्ही रुळांचं टाइमटेबल त्यांना तोंडपाठ, कुठली गाडी किती लेट यावर ते दूध चढवायचे.

गाड्यावर दोन पितळी स्टो होते, रॉकेलचे. स्टो म्हणजे खाली टाकी, बाजूला पंप, वर बर्नर. हवा मारली की भर्रर्र आवाज करत निळी ज्योत. रॉकेलात कचरा आला की बर्नर तुंबतो, ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं. मग पिन मारायची, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण ज्योत पिवळी व्हायच्या आधी कोण सांगेल? आमच्याकडं एक गिऱ्हाईक सांगायचं.

सतारमेकर गल्लीतले एक चाचा होते. दिवसभर भोपळे कापणं, जोडकाम, पॉलिश, आणि गल्ली निजल्यावर तारा लावणं, कारण शांततेशिवाय जव्हारी नीट लागत नाही म्हणायचे. जव्हारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसीनं घासून तारेचा आवाज खुलवायचं काम. ते आटोपून रात्री दोनच्या सुमाराला गाड्यावर यायचे. बोटांना लाखेचा वास. बाकड्यावर बसायच्या आधी डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "भाऊ, डावा स्टो उतरलाय. पिन मारा." दादा बघायचे तर ज्योत चांगली निळी. तरी पिन मारायचे, आणि पिनेला हमखास काजळी यायची. उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. तेव्हा चाचा बाहेरगावच्या गवयांना, तंबोरेवाल्यांना घेऊन यायचे आणि पैसे स्वतः द्यायचे. उधारी कधीच नाही. आमचं दुसरं हॉटेल उघडलं तेव्हा पहिल्या रात्री गल्ल्यासमोर उभं राहून त्यांनी पूर्ण मिसळ संपवली आणि "कटात मीठ कमी" एवढंच बोलले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चाचा नव्हते. मी गल्लीत जाऊन पेढे वाटून आलो.

दुसरं हॉटेल सांगली स्टँडसमोरचं, १९७९ चं. तिथं स्टो चालले नसते म्हणून कोळशाची भट्टी बांधली. तिचा कारागीर म्हणजे आमचे वस्ताद. दादांनी त्यांना पगारावर ठेवलं नाही, रुपयात चार आणे भागीदारी दिली, तीही तोंडी. वस्ताद भट्टीची आग कधी विझू द्यायचे नाहीत. पहाटे गर्दी ओसरली की निखाऱ्यावर राख लोटायची, तोंडावर पत्रा टाकायचा, संध्याकाळी राख सारून भाता मारायचा. विझलेली भट्टी पेटवायला दीड तास आणि अर्धं पोतं कोळसा जातो. आत्ता गॅसवाल्यांना हे सांगून उपयोग नाही, पण तरी सांगतो: धंदा कुठलाही असो, पुन्हा पेटवायचा खर्च आधी मोजा, मग सुट्टी घ्या.

तिसरं मार्केट यार्डाजवळ. हळदीच्या हंगामात तिथं रात्र आणि दिवस एकच. ट्रक लागलेले, हमाल कोपरापर्यंत पिवळे. आमच्या कपबश्या पिवळ्या पडायच्या. नवा पोऱ्या हुशारी करून सोड्यानं घासायचा आणि कपबशी लालभडक व्हायची, हळदीला सोडा लागला की दुसरं काय होणार. प्रत्येक नव्या पोऱ्याला वस्ताद मुद्दाम एकदा तसं करू द्यायचे. चौथं कुपवाडला, तिसऱ्या पाळीच्या कामगारांसाठी. ते लवकर बंद पडलं, त्याबद्दल विशेष काही नाही.

पुढची पंधरा-वीस वर्षं चाललं. घर झालं, बहिणींची लग्नं झाली. नव्वदच्या दशकात बेंगळुरूकडचा रूळ ब्रॉडगेज झाला आणि मिरजेत गाडी बदलायचं कारण हळूहळू उरलं नाही. मिरजेचा गल्ला निम्म्यावर आला. पण स्टँड आणि यार्ड भरून काढत होते.

आता पाटीचं. आमच्या एकाही हॉटेलावर पाटी नव्हती. दादा म्हणायचे, उजेड दिसला की माणूस येतो. लोकांनीच नाव पाडलं, 'रात्रीचं हॉटेल'. २००२ मध्ये स्टँडसमोर, आमच्यापासून सात-आठ दुकानं सोडून, एका पैसेवाल्या माणसानं गाळा घेतला. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्यानं ट्यूबलाइट लावल्या, टाइल्स बसवल्या, आणि पाटी लावली: 'न्यू रात्रीचं हॉटेल'. न्यू! तेवीस वर्षं आम्ही जुने कधी झालो हेच आम्हाला कळलं नव्हतं. बाहेरगावचा माणूस एसटीतून उतरला की पाटीकडं जाणार, आणि ज्याला सांगलीतल्या पाव्हण्यानं "रात्रीच्या हॉटेलात खा" सांगितलेलं असायचं तोही तिकडंच शिरायचा. वकिलांना भेटलो. ते म्हणाले, नाव तुमचं आहे असं कागदावर कुठं आहे?

त्यानं वस्तादांना दुप्पट पैसे देऊ केले. वस्तादांनी त्याच्याच टेबलावर बसून त्याची मिसळ मागवली, दोन घास खाल्ले, बिल दिलं आणि परत आले. पण त्यांचा भाचा गेला. कट कसा करायचा हे त्याला माहीत होतं: कांदा-खोबरं किती भाजायचं, चटणी तेलात कधी सोडायची. एक गोष्ट मात्र त्याला माहीत नव्हती. चटणी आमच्या घरी खलबत्त्यात कुटली जायची आणि त्यात काय जातं हे फक्त माझ्या आईला ठाऊक होतं. त्यामुळं त्याच्या कटाला रंग आला, चव आली नाही. हे मी एकटा म्हणत नाही, यार्डातल्या कुठल्याही जुन्या हमालाला विचारा.

तरीही तो पैसेवाला पुढं गेला, कारण वेळ. १९४८ च्या दुकाने कायद्यात हॉटेल बंद करायची वेळ ठरलेली होती. आमच्याकडं इतकी वर्षं कुणी ती विचारली नव्हती. स्टँडवर उतरलेल्या बाईमाणसाला पहाटेपर्यंत बसायला उजेडाची जागा लागते, हे सगळ्यांनाच कळत होतं. तो आल्यावर गस्तीची गाडी रोज मध्यरात्री आमच्या दाराशी थांबायला लागली. आमचं शटर पूर्ण खाली, त्याचं अर्धं वर. अर्ध्या शटरखालून वाकून आत जाणारी आमची गिऱ्हाइकं मी समोरून बघायचो. तक्रारीचे अर्ज केले, पोचपावत्या अजून फाइलीत आहेत.

त्यात २००५ चा पूर. आमचं गोदाम मारुती चौकात होतं. बटाटा, कांदा, मिरची, तेलाचे डबे, सगळं पाण्यात. स्टँडसमोरच्या भट्टीकडं पाणी येतंय म्हटल्यावर वस्तादांनी निखारे लोखंडी घमेल्यात भरले, वर राख टाकली आणि रिक्षानं मिरजेला नेले. रिक्षावाला शिव्या देत होता, सीटचं रेक्झिन वितळलं. स्टेशनासमोरच्या जागेत विटा रचून कच्ची भट्टी केली आणि तिथून आठवडाभर पूरग्रस्तांना भात-आमटी गेली. पाणी उतरल्यावर बघितलं तर स्टँडची भट्टी आतून ढासळलेली. भाजलेल्या विटांमध्ये पाणी शिरलं की गाळ सुकेपर्यंत हात लावू नये, नाहीतर उरलेली भिंतही येते. घाई करणाऱ्या दोघांची आलेली मी बघितली आहे.

भट्टी परत बांधायला पैसे होते. दादांनी आयुष्यभराची शिल्लक एका पतसंस्थेत ठेव म्हणून टाकली होती. काढायला गेलो तर "पुढच्या महिन्यात". पुढच्या महिन्यात दाराला कुलूप. सांगलीत त्या काळात ही गोष्ट घरोघरची आहे, त्यामुळं वाढवत नाही. कोळशाचे, किराण्याचे, पाववाल्याचे पैसे मी बायकोचे दागिने मोडून फेडले, एकाचाही रुपया ठेवला नाही. बुडवलं म्हणणाऱ्यांनी जरा पाववाल्याला विचारावं. मग यार्ड विकलं, स्टँडची जागा मालकानं मागून घेतली, मिरजेचा गाडा वस्ताद गेले तेव्हा बंद केला. त्यांचा चार आण्यांचा हिस्सा त्यांच्या मुलीला दिला. तोंडी होता तरी दिला.

डिसेंबर २०१७ मध्ये नवा कायदा लागू झाला. आता महाराष्ट्रात हॉटेल चोवीस तास उघडं ठेवता येतं. पेपरमध्ये वाचलं तेव्हा दादा अंथरुणाला होते. त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मग आपण गुन्हा करत होतो का काय इतकी वर्षं?"

ते 'न्यू'वालं हॉटेलही टिकलं नाही. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर ते उघडलंच नाही. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात.

आईची चटणी मात्र राहिली. तीच आता पाकिटात घालतो. मिरची भाजत नाही, उन्हात कडक करतो. खोबरं मंद आचेवर, लसूण सालीसकट. कुटायला डंका आहे, म्हणजे मुसळांनी कुटणारं यंत्र. पल्व्हरायझर, म्हणजे बारीक दळणारी चक्की, नाही, कारण तिच्यात मसाला तापतो आणि तेल उडतं. नवीन धंदा काढणाऱ्या पोरांनी आधी नाव नोंदवावं, मग पाटी रंगवावी, मग भट्टी पेटवावी. आमचं नाव मी पहिल्या पाकिटाआधी नोंदवलं.

मागच्या दिवाळीत त्या 'न्यू'वाल्या माणसाचा मुलगा दुकानात आला होता. केटरिंग करतो म्हणे. वीस किलो मसाला हवा होता, पैसे महिनाअखेर देतो म्हणाला. हमालांना मी अजून उधार देतो. त्याच्याकडून रोख घेतले आणि पावती दिली.