समोर दिसतंय की!

दुपारी जेवल्यावर डोळा लागू नये म्हणून मी फोनवर दोन विमानतळांमधलं अंतर काढत बसतो. जायचं कुठंच नसतं. कुणाच्या खिजगणतीत नसलेले दोन विमानतळ निवडायचे, बटण दाबायचं, की किलोमीटर आणि वेळ हजर. कुणाला शब्दकोडं लागतं, मला हे.

परवा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे टाकून पाहिली. अंतर २.७ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ चक्क अर्धा तास! यंत्राचा हिशेब ठरलेला. अंतराला विमानाच्या वेगानं भागायचं आणि वर चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं लावायची, रिक्षाच्या किमान भाड्यासारखी. प्रत्यक्षात हा जगातला सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास. वेळापत्रकात २ मिनिटं. वारा पाठीशी असला तर त्याहून कमी. विक्रम ५३ सेकंदांचा! लोगनएअर १९६७ पासून ही फेरी चालवते. विमान आयलंडर, दोन पंख्यांचं, जेमतेम आठ-नऊ जणांचं. एकाला थेट पायलटच्या शेजारी बसायला मिळतं. (ती जागा माझी, आधीच सांगून ठेवतो.) पट्टा लावून नीट टेकावं, तोवर उतरायचंच.

हौशी मंडळी त्या दोन मिनिटांसाठी तिथवर जातात. पण विमान त्यांच्यासाठी नाही. पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आतबाहेर माणसं राहतात. तिथं पाच हजार वर्षांहून जुनं दगडी घर उभं आहे, नॅप ऑफ हॉवर. म्हणजे वस्ती काही काल-परवाची नव्हे. शिक्षक, डॉक्टर, दवाखान्यात निघालेलं माणूस, सगळ्यांची भिस्त त्या विमानावर. बोट आहे, पण तिकडचा समुद्र आणि तिकडचा वारा!

पाण्यापलीकडचं गाव म्हणजे काय, हे आम्हा दाभोळच्या लोकांना सांगायला नको. खाडीच्या पलीकडे धोपावे, तिथं आत्या दिलेली. लाँच धरली की चहा निवायच्या आत तिच्या दारात. आता फेरीबोटीत गाड्या चढतात, तेव्हा माणसं, कोंबड्या आणि फणस एकाच फळीवर. मला काठाला बसून पाण्यात हात घालायचा असे आणि आई माझी चड्डी मागून घट्ट धरून ठेवी. आत्या मुक्कामाचा आग्रह करी. बाबा चपला घालता घालता म्हणत, "राहायचं कशाला? समोर तर दिसतंय!" खरंच दिसायचं. रात्री आमच्या पडवीतून त्यांच्या वाडीतले दिवेसुद्धा.

एका जुलैत पहाटे वाण्याकडे फोन आला, आतोबा गेले. खाडीला उधाण, पाऊस कोसळत होता, लाँच बंद. कुणी होडी घालायला तयार होईना. बाबा एसटीनं निघाले. दापोली, खेड, चिपळूण, तिथून गुहागरची गाडी पकडून मग मागं धोपाव्याला. घाटात दरड आली होती, तिथं खोळंबले ते वेगळंच. पोचले तेव्हा दिवेलागण झालेली, स्मशानातून माणसं परतून आंघोळी उरकलेल्या.

आत्या त्यांना काही बोलली नाही. तेराव्याला मात्र, पानं वाढता वाढता म्हणाली, "दादा, समोरून यायला एवढा वेळ?"