एकाच मैफलीत दोन गिटारी कशाला?

एकाच मैफलीत क्लासिकल आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही गिटारी मी का वाजवते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमानंतर येतो आणि दोन्ही बाजूंनी येतो. क्लासिकल गिटार शिकणारे म्हणतात, "पहिला भाग इतका शांत, इतका सुंदर झाला, मग ती इलेक्ट्रिक कशाला काढलीत?" रॉक ऐकत वाढलेली मुलं म्हणतात, "ताई, इलेक्ट्रिक येते ना, मग ती दुसरी कशाला?"

माझं उत्तर एका शब्दाचं आहे. आस.

मी मिरजेची. तार छेडल्यावर सूर जितका वेळ जिवंत राहतो त्याला आस म्हणतात, हे तिथे पोराटोरांनाही माहीत असतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला होता मला. शाळेतून येताना कारागिरांच्या दुकानांसमोर मी उभी राहायची. ते एकच तार पुन्हा पुन्हा छेडायचे, कान लावून ती विझेपर्यंत ऐकायचे, मग तार जिच्यावर टेकते ती घोडी जराशी घासायचे, परत छेडायचे. सूर सुरू कसा होतो याच्याइतकंच तो संपतो कसा याकडे लक्ष द्यायचं असतं, हे मी तिथे पाहिलं. समजलं मात्र फार उशिरा, आणि तेही इलेक्ट्रिक गिटार हातात घेतल्यावर.

नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची आस तोकडी असते. पहिल्या तारेवर बाराव्या पडद्याच्या वर गेलात की सूर लागतो न लागतो तोच विझायला लागतो. व्हायोलिनवाल्याकडे गज आहे, गायकाकडे श्वास आहे. आमच्याकडे एक छेड, आणि मग जे उरेल ते. या वाद्याचं कितीतरी संगीत या एका अडचणीशी झुंजताना जन्मलेलं आहे. स्पेनचा गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यानं 1890च्या दशकात तिथल्या अलहम्ब्रा राजवाड्याच्या आठवणींवर रचना केली, ती अथपासून इतिपर्यंत ट्रेमोलोत आहे: अंगठा खालचे सूर वाजवतो आणि अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकामागून एक त्याच तारेवर पडत राहतात. सूर मरायच्या आत त्याला पुन्हा जागं करायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर लांबलाय. प्रत्यक्षात तो शेकडो वेळा विझून शेकडो वेळा पेटलेला असतो.

पहिल्या भागात मी इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'नॉक्टर्नल' वाजवते, माइकशिवाय. गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी 1963 साली लिहिलेलं, पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या ऑल्डबरा महोत्सवात त्यानं पहिल्यांदा वाजवलेलं. एरवी आधी मूळ चाल येते आणि मग तिचे विस्तार. इथे उलट आहे. झोप न येणाऱ्या माणसाची तगमग वाटावी असे आठ विस्तार आधी येतात आणि ज्याचे ते विस्तार आहेत ते जॉन डाउलंडचं 1597 मधलं निद्रेला साद घालणारं गाणं सगळ्यात शेवटी, विरत विरत. त्या शेवटाशी मी अनेक वर्षं झगडत होते. सूर बरोबर, लय बरोबर, तरी काहीतरी उणं राहायचं.

मग इलेक्ट्रिक आली. तिच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच ॲम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. नायलॉनची तार तिथे लावलीत तर काहीच घडणार नाही; चुंबकाला ती कळतच नाही. म्हणजे ही माझ्याच गिटारीची मोठ्या आवाजाची आवृत्ती नव्हे. तारेची लांबी जवळजवळ तीच आहे, एकीची 650 मिलिमीटर, दुसरीची 648. पण मानेची रुंदी वरच्या टोकाला 52 वरून 42-43वर येते, आणि डावा हात एवढ्याशा फरकानं आठवडाभर चाचपडत राहतो. उजव्या हाताची नखं आम्ही वाढवतो, तासतो, पॉलिश करतो. पोलादी तारा ती खाऊन टाकतात. म्हणून इलेक्ट्रिक मी पिकनं, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या पट्टीनं वाजवते.

पण खरा धक्का आसेचा होता. इथे सूर संपेचना! एक सोडला की दुसऱ्यावर सांडतो, तिसऱ्यावर सांडतो, नुसता चिखल. ज्या सुराला मी पंधरा वर्षं धरून ठेवायला धडपडत होते त्याला आता वेळेवर निरोप द्यायला शिकायचं होतं. तळहाताची कड घोडीपाशी टेकवून, डाव्या हाताची रिकामी बोटं शेजारच्या तारांवर हलकेच ठेवून. सहा महिने मी बहुतेक वेळ थांबवण्याचा रियाज केला.

दुसऱ्या भागात अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं 'इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट' असतं. 1987 साली त्यानं ते जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी लिहिलं. वादकानं दहा गिटारी आणि दोन बेस आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि मंचावर अकरावी गिटार प्रत्यक्ष वाजवायची. या रचनेच्या पहिल्या भागाची चाल मध्य आफ्रिकेतल्या शिंगवादनातून आलेली. तीच चाल एकेक गिटार थोडी मागाहून उचलत जाते, आणि आठ गिटारी एकमेकींत गुंफल्या गेल्या की कुणीच न वाजवलेल्या चाली मधूनच ऐकू यायला लागतात. ते सगळं ध्वनिमुद्रण मी स्वतः केलं, अकरा दिवस लागले. त्यातले निम्मे एकाच चुकीपायी गेले: एखादा सूर मी जरा जास्त लांबवायची आणि मागून येणाऱ्या गिटारीचा ठोका त्याखाली झाकला जायचा. एकट्यानं ऐकताना ही चूक मुळीच कळत नाही. आठजणी एकत्र आल्या की सगळी वीण विस्कटते.

त्या अकरा दिवसांनंतर 'नॉक्टर्नल' पुन्हा घेतलं आणि उणं काय होतं ते ऐकू आलं. प्रत्येक सूर छेडून झाला की माझं मन पुढच्या सुरावर गेलेलं असायचं. मागचा अजून खोलीत असायचा, आणि तो कसा जातोय याचं मला भान नसायचं.

म्हणून दोन्ही, आणि एकाच संध्याकाळी.

कुणी म्हणतं, यानं परंपरा बिघडते. आदर ठेवून सांगते, ज्या मऊ आवाजाला आपण परंपरा म्हणतो तो नायलॉनचा आहे, आणि नायलॉनच्या तारा गिटारीवर आल्या 1940च्या दशकात. त्याआधी आतड्याच्या तारा होत्या. महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं, तारा मिळेनात. मग न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीननं नायलॉनच्या तारा घडवल्या आणि स्पेनचा थोर गिटारवादक सेगोव्हिया यानं त्या आपल्याशा केल्या. याच सेगोव्हियाला इलेक्ट्रिक गिटार बिलकूल आवडत नसे, हेही खरं. त्याच्यामुळेच हे वाद्य मोठ्या सभागृहांत पोचलं, ते ऋण मी रोज मानते. या एका बाबतीत मात्र मला तो पटत नाही.

अडचणी येतात. एका सभागृहात मंचावरचे दिवे मंद केल्याबरोबर ॲम्प्लिफायर घुमायला लागला. राइशच्या संथ मधल्या भागाखाली ती घरघर सतत होती आणि मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हापासून मी सगळे दिवे पूर्ण ठेवायला सांगते, अंधाराचा मोह सोडून. राइश संपलं की ॲम्प्लिफायर बंद करते आणि मिनिटभर काहीच वाजवत नाही, कारण मोठ्या आवाजानंतर कानांना परत यायला वेळ लागतो. मग नायलॉनवर तारेगा, पुन्हा माइकशिवाय.

गेल्या वर्षी मिरजेत एका घरगुती बैठकीत हाच क्रम होता. मध्यंतरानंतर इलेक्ट्रिकवर थोडं डिस्टॉर्शनही, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाजही वाजवला, जरा भीत भीतच. पुढे तंबोऱ्यांचं काम करणारे एक काका बसले होते, वय सत्तरीच्या पुढचं. नंतर ते मंचाशी आले, तो आवाज काढणाऱ्या, पायाशी ठेवलेल्या पेडलकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही जवारीच की. जरा जास्त उघडलीय, इतकंच." जवारीत तंबोऱ्याच्या घोडीवर घासत जाणारी तार जसे वरचे स्वर उमटवते, आवाज भरते, तसंच तर ते यंत्र करत होतं, मला हे कधी सुचलं नव्हतं. मी पेडलचं बटण कमी करत गेले, ते मान हलवत राहिले. एका जागी त्यांनी हात वर केला. ती खूण मी पेनानं पेडलवर करून ठेवली आहे आणि आता तिथेच वाजवते.