डाळिंबाची साल आणि कोरी टिकली

आमच्याकडे डाळिंबाची साल टाकली जात नसे. आजी ती उन्हात खडखडीत वाळवून बरणीत भरायची आणि कुणी खोकलं की एक तुकडा गालात धरायला लावायची. इतकी तुरट, की जीभ टाळ्याला चिकटायची. खोकला त्या धाकानेच थांबत असावा, असं माझं मत.

परवा भाचीने तीच साल मागितली. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. मी भगव्या डाळिंबाची साल गच्चीत वाळवली, तिने ती मिक्सरमधून काढून अल्कोहोलात भिजवली. मिक्सरचं भांडं अजून पिवळं आहे. (या सालीने कापड रंगवतात, हे मला आधी आठवायला हवं होतं.) मग म्हणाली, "मावशी, आता अंडी. दुकानातली नाही, उबवणीची."

इन्क्युबेटर म्हणजे विजेवर चालणारी खुडूक कोंबडी. साडेसदतीस अंशांवर अंडी ठेवायची, अधूनमधून फिरवायची. कवचाच्या आत एक पातळ पडदा धरतो, पिल्लू त्यातूनच श्वास घेतं. भाचीने कवचाला नखाएवढी खिडकी पाडली आणि मला पाहायला बोलावलं. आठवा दिवस होता. पुस्तकात ठेवून जाळी झालेलं पिंपळपान असतं ना, तसं. फक्त लाल आणि जिवंत. त्या पडद्यावर अर्काची कागदी टिकली ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी तिच्याभोवती रक्तवाहिन्या किती वाढल्या ते मोजायचं. पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात. हिचं काम त्याआधीच संपतं. पुढचं मी विचारलं नाही.

हा खटाटोप कशासाठी? कॅन्सरच्या गाठीला वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, तेव्हा तिची रसदच तोडावी, हा विचार जुडा फोकमन या अमेरिकन सर्जनने 1971 मध्ये मांडला. त्या वाटेवरचं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला 2004 उजाडलं. जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात, म्हणून काहीजण त्या वाढवणारा अर्क शोधतात. अंड्यावरून थेट 'कॅन्सरवर रामबाण साल' असा मेसेज फिरवणाऱ्यांना हे कोण सांगणार!

मला सगळ्यात आवडली ती कोरी टिकली. काही अंड्यांवर साल नाहीच, नुसत्या अल्कोहोलात बुडवून वाळवलेला कागद. वाहिन्या सालीने कमी झाल्या की अल्कोहोलाने, हे कळायला. आजीकडे कोरी टिकली नव्हती. तिच्या नातवंडांचा खोकला चार दिवसांत तसाही गेला असता का, कुणास ठाऊक.

फोटोंवरची नावं झाकून भाचीने मला मोजायला बसवलं. तिचा हात आपल्या बाजूने झुकेल, ही भीती. मी इमानाने मोजलं. मग लक्षात आलं, अर्काच्या टिकल्या पिवळट दिसतात. मला त्या पहिल्यापासून ओळखू येत होत्या आणि त्यांच्याभोवतीच्या बारीक वाहिन्या मी जरा सढळ हाताने सोडून देत होते. आजीसाठी असेल.

भाचीने कपाळाला हात लावला. सगळ्या टिकल्यांवर काळे ठिपके चिकटवले, फोटो पिसले आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवले.




"मावशी, पहिल्यापासून."